४ जीबी रॅम, हार्ड डिस्क आणि रेंगाळणारा फायरफॉक्स: सेटिंग्ज बदलून किती फरक पडतो?

वाचनकट्टा_इंदूर

नमस्कार मंडळी,

रामबागेकडच्या आमच्या मंडळाच्या वाचनालयात सभासदांसाठी दोन डेस्कटॉप आहेत. दोन्ही एकाच घडणीचे: इंटेल कोअर आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ६४ बिट विंडोज १०. ब्राउझर फायरफॉक्स, अद्ययावत. इंटरनेट १०० एमबीपीएसचं फायबर. एक मशीन केबलवर, दुसरं वाय-फायवर. वापर म्हणजे मराठी वर्तमानपत्रांच्या साइट, ई-पेपर, सरकारी पोर्टलवरचे फॉर्म आणि यूट्यूबवर कीर्तनं-व्याख्यानं.

तक्रारी अशा: फायरफॉक्स उघडायला मिनिटभराहून जास्त वेळ लागतो, बातम्यांची पानं खाली सरकवताना अडकतात, आठ-दहा टॅब झाले की सगळंच बसतं, आणि यूट्यूब १०८० वर धक्के खातं.

व्हॉट्सॅपवर ‘फायरफॉक्स दहापट वेगवान करा’ अशी यादी फिरते आहे. अबाउट:कॉन्फिग (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगचं पान) उघडून पुढचे बदल करायला सांगितले आहेत:

नेटवर्क.एचटीटीपी.पाइपलाइनिंग – ट्रू
नेटवर्क.एचटीटीपी.पाइपलाइनिंग.मॅक्सरिक्वेस्ट्स – ३०
एनजीलेआउट.इनिशियलपेंट.डिले – ०
ब्राउझर.सेशनहिस्टरी.मॅक्स_टोटल_व्ह्यूअर्स – ०
ब्राउझर.कॅशे.डिस्क.एनेबल – फॉल्स
कॉन्फिग.ट्रिम_ऑन_मिनिमाइझ – ट्रू
नेटवर्क.एचटीटीपी.मॅक्स-पर्सिस्टंट-कनेक्शन्स-पर-सर्व्हर – २०
नेटवर्क.डीएनएस.डिसेबलआयपीव्ही६ – ट्रू

यातलं काय करावं, काय नको? मंडळाकडे पैसे बेताचेच आहेत, म्हणून आधी फुकटातलं विचारतो.

लाल_पांडा

ही यादी निदान पंधरा वर्षं जुनी आहे. डायल-अप आणि सुरुवातीच्या ब्रॉडबँडच्या काळात तिला थोडाफार अर्थ होता. एकेक ओळ घेऊ. सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, शोधपेटीत ती रोमन लिपीत टाकायची. ठिपके, आडव्या रेघा जशाच्या तशा.

पाइपलाइनिंगच्या (उत्तराची वाट न बघता एकामागून एक विनंत्या पाठवण्याच्या) दोन्ही ओळी मेलेल्या आहेत. फायरफॉक्स ५४ मध्ये, म्हणजे २०१७ साली, तो कोडच काढून टाकला. गंमत अशी की अबाउट:कॉन्फिगमध्ये अस्तित्वात नसलेलं नाव टाकलं तर ते ‘असं काही नाही’ म्हणत नाही. उलट बुलियन, नंबर की स्ट्रिंग असं विचारतं आणि अधिकचं चिन्ह दाबलं की निमूटपणे नवी नोंद करून देतं. ठळक अक्षरात नाव दिसतं आणि माणसाला वाटतं झालं काम. त्या नोंदीकडे ब्राउझर ढुंकूनही बघत नाही. नाव टाकल्यावर हा प्रश्न आला, तर ते सेटिंग बहुधा संपलेलं आहे. क्वचित एखादं लपलेलं खरं सेटिंगही असं विचारतं, पण व्हॉट्सॅपच्या यादीत ते सापडायची आशा ठेवू नका.

पाइपलाइनिंगची गरज संपली कारण २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आलं. त्यात एकाच जोडणीतून अनेक विनंत्या एकाच वेळी जातात आणि उत्तरं मिळतील त्या क्रमाने येतात. जुन्या पाइपलाइनिंगमध्ये पहिलं उत्तर अडलं की मागची सगळी रांग अडायची.

इनिशियलपेंट.डिले हा पान रंगवायला सुरुवात करण्याआधी थांबण्याचा काळ, मिलिसेकंदात. पूर्वी तो २५० होता, म्हणून ० केल्यावर फरक दिसायचा. आता मुळातच ५ आहे. पाच हजारांश सेकंद वाचवून करायचं काय?

मॅक्स_टोटल_व्ह्यूअर्स शून्य करू नका. ‘मागे’ दाबल्यावर आधीचं पान झटकन दिसतं, ते ब्राउझरने तयार अवस्थेत रॅममध्ये ठेवलेलं असतं म्हणून. शून्य केलं तर प्रत्येक ‘मागे’ला पान नव्याने उभं राहील. मूळ किंमत -१, म्हणजे रॅम पाहून ब्राउझर स्वतः ठरवतो, जास्तीत जास्त आठ. तुमच्या मशीनवर २ ठेवायला हरकत नाही.

डिस्क कॅशे (पुन्हा लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा साठा) बंद करणं ४ जीबीवर उलटं पडतं. कॅशे मग फक्त रॅममध्ये राहतो, जी आधीच भरलेली आहे, आणि ब्राउझर बंद केला की पुसला जातो. ‘हार्ड डिस्क मंद, तिच्यापेक्षा नेटवरूनच आणलेलं बरं’ असा युक्तिवाद करतात. पण २०१७ पासून फायरफॉक्स ही शर्यत स्वतःच लावतो: डिस्क रेंगाळली तर तीच फाइल नेटवरूनही मागवतो आणि जी आधी येईल ती वापरतो.

ट्रिम_ऑन_मिनिमाइझ तर शुद्ध फसवणूक. खिडकी खाली घेतली की मेमरी डिस्ककडे ढकलायची, एवढंच त्याचं काम. टास्क मॅनेजरमधला आकडा छान लहान दिसायचा आणि खिडकी परत वर आणली की हार्ड डिस्क खडखडत बसायची.

कनेक्शनची ओळ जिवंत आहे. मूळ किंमत ६. पण ती एचटीटीपी/१.१ वर चालणाऱ्या साइटपुरतीच उपयोगी, आणि एका सर्व्हरवर २० जोडण्या उघडल्यात तर काही सर्व्हर तुम्हाला उपद्रवी समजून अडवतात. ६ च राहू द्या. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) लाही हात नको. ते नीट चालत नसेल तर ब्राउझर आपणहून आयपीव्ही४ वर येतो.

यातलं काही आधीच केलं असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये ‘फक्त बदललेली सेटिंग्ज दाखवा’वर खूण करा आणि एकेका ओळीच्या टोकाचा वळलेला बाण किंवा कचरापेटी दाबा. फायरफॉक्स पुन्हा उघडल्यावर बदल परत आलेले दिसले तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये यूजर.जेएस नावाची फाइल कुणीतरी टाकलेली असणार. ती दर वेळी आपल्याच किमती वर लादते. आधी ती काढा.

मोजपट्टी

सेटिंगकडे जाण्याआधी वेळ नक्की कुठे जातो ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलं, विंडोजचा टास्क मॅनेजर, परफॉर्मन्सचा भाग. फायरफॉक्स उघडताना आणि नेहमीचे टॅब लावल्यावर सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी काय १०० टक्क्यांकडे जातं? मेमरी ९० च्या वर आणि डिस्क १०० वर चिकटलेली, अशी जोडी दिसली तर रॅम संपून विंडोज हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलला मेमरी म्हणून वापरतं आहे. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक सुटी वाचनं जेमतेम करते. तिथे अडलेली गाडी ब्राउझरच्या कुठल्याही सेटिंगने सुटत नाही, फक्त मेमरीची मागणी कमी करता येते.

दुसरं, फायरफॉक्समध्ये शिफ्ट-एस्केप. अबाउट:प्रोसेसेस उघडतं. प्रत्येक साइट आणि प्रत्येक एक्स्टेन्शन किती मेमरी, किती सीपीयू खातं ते तिथे दिसतं.

तिसरं, मंद पानावर एफ१२, मग नेटवर्क, मग कंट्रोल-एफ५. पहिल्या ओळीवर टिचकी मारून टायमिंग्ज बघा. ब्लॉक्ड म्हणजे विनंती ब्राउझरच्याच रांगेत उभी. डीएनएस रेझोल्यूशन म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा वेळ. कनेक्टिंग आणि टीएलएस सेटअप म्हणजे जोडणी बांधायला लागलेला वेळ. वेटिंग म्हणजे विनंती पोचली, पण पलीकडचा सर्व्हर विचार करतो आहे. रिसीव्हिंग म्हणजे खरा मजकूर उतरण्याचा वेळ. तुमचे १०० एमबीपीएस फक्त इथे कामाला येतात.

वेटिंगमध्ये दोन-तीन सेकंद जात असतील तर तो त्या साइटचा दोष, तुमचा नव्हे. निकालाच्या दिवशी सरकारी पोर्टल तीस सेकंद वेटिंग दाखवतं, तेव्हा सुपर कॉम्प्युटर आणून बसवला तरी तेच.

यूट्यूबसाठी: चालू व्हिडिओवर उजवी टिचकी, ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’. कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीच्या) ओळीत काय आहे आणि किती फ्रेम गळल्या, ते इथे लिहा.

वाचनकट्टा_इंदूर

केलं. केबलवरच्या मशीनचे आकडे:

फायरफॉक्स उघडताना डिस्क १०० टक्के, ७० सेकंदांपर्यंत. सहा टॅबवर मेमरी ९१ टक्के. एका वर्तमानपत्राच्या मुखपृष्ठाला २६० विनंत्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक त्या वर्तमानपत्राच्या नसलेल्या पत्त्यांवर. पहिल्या ओळीचं वेटिंग फक्त ९० मिलिसेकंद, पण पान चाळीस सेकंद काही ना काही मागवतच राहतं. फॉर्मच्या पोर्टलचं वेटिंग ३.१ सेकंद. यूट्यूबला ‘एव्ही०१’ लिहिलंय, १८४० पैकी ३१२ फ्रेम गळल्या.

एक्स्टेन्शन सात निघाले! दोन जाहिराती रोखणारे, एक हवामानाचा, एक कूपनांचा, बाकीचे कुणी टाकले देव जाणे.

लाल_पांडा

मग तीन वेगळी दुखणी आहेत: रॅम आणि डिस्क, जाहिराती, आणि व्हिडिओ. पोर्टल सोडून द्या.

आधी एक्स्टेन्शन. सातही काढा. अक्षम करून ठेवू नका, काढाच. मग फक्त यूब्लॉक ओरिजिन टाका. नावात ‘ओरिजिन’ हवंच, नुसतं ‘यूब्लॉक’ वेगळं आहे. दोन रोधक एकत्र ठेवले की प्रत्येक विनंती दोनदा तपासली जाते आणि एकाने रोखलेलं दुसऱ्याला समजत नाही, पानं मोडतात. मूळच्या याद्या पुरेत. उत्साहाने पंचवीस याद्यांवर खुणा केल्यात तर त्याही रॅममध्येच बसतात. २६० विनंत्यांच्या त्या पानाला याने जेवढा फरक पडेल तेवढा दुसऱ्या कशाने नाही, कारण जाहिरातींच्या त्या परक्या विनंत्या नुसत्या उतरत नाहीत. त्यांची जावास्क्रिप्ट तुमचा सीपीयू चालवतो. पान सरकवताना अडकतं ते त्यामुळे.

यूब्लॉकच्याच सेटिंगमध्ये ‘ठरावीक केबीपेक्षा मोठा मीडिया रोखा’ असा पर्याय आहे, मूळ आकडा ५०. बातम्यांच्या साइटवरचे आपोआप सुरू होणारे व्हिडिओ त्याने थांबतात. दूरस्थ (साइटवरून उतरणारे) फॉन्ट रोखण्याचीही सोय तिथेच आहे. देवनागरी वेबफॉन्ट जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असतात, आणि विंडोजमध्ये निर्मला यूआय असतोच, त्यात मराठी छान दिसतं.

आता मेमरी. फायरफॉक्स प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस (मेमरीत स्वतंत्र चालणारा तुकडा) देतो. २०२१ पासूनची ही व्यवस्था, तिला फिशन म्हणतात. शिवाय एकाच साइटचे अनेक टॅब असतील तर त्यांना चारपर्यंत प्रोसेस मिळतात. तुमच्याकडे लोक एकाच वर्तमानपत्राच्या पाच बातम्या पाच टॅबमध्ये उघडत असणार. अबाउट:कॉन्फिगमध्ये डीओएम.आयपीसी.प्रोसेसकाउंट.वेबआयसोलेटेड हे ४ वरून १ करा, त्या साइटचे सगळे टॅब एका प्रोसेसमध्ये बसतील. तोटा असा की त्यातला एक टॅब अडला तर त्याच साइटचे बाकीचेही अडतात. या मशीनवर तो सौदा परवडतो.

जुन्या लेखांत नुसतं डीओएम.आयपीसी.प्रोसेसकाउंट ८ वरून २ करायला सांगतात. फिशननंतर त्याचा परिणाम नगण्य आहे.

ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल मूळ १५०००, म्हणजे दर पंधरा सेकंदांनी उघड्या टॅबची नोंद डिस्कवर. ६०००० करा. लाइट गेली तर शेवटच्या मिनिटातले टॅब परत मिळणार नाहीत, एवढंच. वाचनालयात चालेल.

सेटिंग्जमध्ये होम म्हणजे कोरं पान ठेवा, आणि ‘मागच्या खिडक्या व टॅब उघडा’वरची खूण काढा. टॅबवर उजवी टिचकी मारून ‘अनलोड टॅब’ म्हणता येतं, आवृत्ती १४० पासून. टॅब पट्टीवर राहतो, मेमरी मोकळी होते. फायरफॉक्स आपणहूनही टॅब उतरवतो, पण मेमरी अगदी संपत आल्यावर. हार्ड डिस्कच्या मशीनवर तोवर फार उशीर झालेला असतो.

पोहे_विदाउट_सेव

भिया, सरळ फिशन बंद करा ना. फिशन.ऑटोस्टार्ट फॉल्स. ४ जीबीवर लगेच फरक दिसतो.

लाल_पांडा

दिसेल, पण सार्वजनिक मशीनवर नको. एका साइटचा कोड दुसऱ्या साइटची मेमरी वाचू नये, यासाठी ती भिंत आहे. त्याच मशीनवर लोक आधार क्रमांक टाकून फॉर्म भरतात. वेबआयसोलेटेड १ केल्याने ही भिंत राहते, फक्त तिच्या आतली दाटी वाढते. दोन्हींत फरक आहे.

सराफा_रात्री_११

क्रोम किंवा एजकडे का जात नाही? क्रोमला सेटिंग्जच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर आहे, मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्सिमम अशा तीन पायऱ्या. मॅक्सिमम केलं की मागचे टॅब लवकर झोपतात. ज्या साइट झोपवायच्या नाहीत त्यांची यादी वेगळी देता येते. फॉर्मचं पोर्टल त्या यादीत टाकाच, नाहीतर अर्धा भरलेला फॉर्म टॅब बदलून आल्यावर कोरा. एजमध्ये हेच ‘स्लीपिंग टॅब्स’ नावाने, आणि वेळ निवडता येते, ३० सेकंदांपासून १२ तासांपर्यंत.

दोन गोष्टी मात्र बंद करा. क्रोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ‘क्रोम बंद केल्यावरही मागचे ॲप चालू ठेवा’. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’. ब्राउझर लवकर उघडावा म्हणून या सोयी काही प्रोसेस कायम रॅममध्ये ठेवतात. १६ जीबीवर ठीक, ४ जीबीवर अंगण अडवून बसतात.

क्रोमच्या फ्लॅग्सच्या (प्रायोगिक सेटिंगच्या) याद्यांबद्दलही तेच, जे वर पाइपलाइनिंगबद्दल लिहिलंय. ‘पॅरलल डाउनलोडिंग’ फक्त मोठ्या फाइल उतरवताना कामाचं, पानांना नाही. क्विकचा (एचटीटीपी/३ ज्यावर चालतं त्या जोडणीच्या पद्धतीचा) फ्लॅग तर आता मुळातच चालू असतो. काही बिघडलं तर वरचं ‘रीसेट ऑल’.

लाल_पांडा

मेमरी सेव्हर चांगला आहे, मान्य. पण क्रोममध्ये आता यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, फक्त त्याचं लाइट रूप चालतं, आणि २६० विनंत्यांच्या पानांवर मला पूर्ण यूब्लॉक जास्त मोलाचा वाटतो. सहा टॅबपर्यंत फायरफॉक्स, वीस टॅब उघडणाऱ्यांना क्रोम. भांडण नको.

तारवाला

नेटवर्कबद्दल थोडं, कारण लोक डीएनएस बदलून चमत्काराची वाट बघतात.

डीएनएसचा वेळ पहिल्या भेटीलाच लागतो, नंतर उत्तर साठवलेलं असतं. मोजपट्टी यांनी सांगितलेल्या टायमिंग्जमध्ये डीएनएस रेझोल्यूशन २०-३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बदलून काही मिळणार नाही. दर वेळी शंभरच्या वर असेल तर १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा डीएनएस) किंवा ८.८.८.८ (गूगलचा) लावून पाहा. पण एक खोच आहे. व्हिडिओ आणि मोठ्या साइटचा मजकूर तुमच्या इंटरनेट कंपनीकडेच ठेवलेल्या जवळच्या साठ्यातून येतो, आणि कुठल्या साठ्याकडे पाठवायचं हे बरेचदा डीएनएस विचारणारा कोण, यावरून ठरतं. बाहेरचा डीएनएस लावला की कधी कधी दूरच्या साठ्याचा पत्ता मिळतो. क्लाउडफ्लेअर खासगीपणासाठी तुमचा पत्ता पुढे सांगतच नाही. मग डीएनएस दहा मिलिसेकंदांनी वेगवान आणि व्हिडिओ आधीपेक्षा मंद, असं होऊ शकतं. दोन्ही लावून मोजा.

फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या तळाशी डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आहे. तिथे मॅक्स प्रोटेक्शन निवडू नका. ठरवलेला सर्व्हर सापडला नाही तर ते विंडोजच्या डीएनएसकडे वळत नाही आणि सभासद ‘नेट बंद आहे’ म्हणत तुमच्याकडे येतात.

आता जोडणीचा हिशेब. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई सहाशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. अमेरिकेतला सर्व्हर १३,००० किलोमीटरवर असेल तर १३०, आणि हे किमान, कारण तारा सरळ रेषेत जात नाहीत. जुन्या पद्धतीने पहिली ओळ हाती यायला चार फेऱ्या लागत: टीसीपीची (जोडणी बांधण्याची) एक, टीएलएस १.२ च्या (मजकुराला कुलूप लावण्याच्या) दोन, विनंतीची एक. म्हणजे ५२० मिलिसेकंद. टीएलएस १.३ ने एक फेरी वाचवली, ३९०. एचटीटीपी/३ मध्ये जोडणी आणि कुलूप एकाच फेरीत, २६०. ही खरी वेगवाढ. ती ब्राउझर आणि सर्व्हर आपसात ठरवतात, तुम्ही फक्त आड येऊ नका.

आड कोण येतं? बाहेरचा अँटिव्हायरस. एचटीटीपीएस तपासण्यासाठी तो मध्ये बसतो आणि जोडणी स्वतः नव्याने बांधतो, बरेचदा जुन्या पद्धतीने. ओळखायचं असं: पत्त्याजवळच्या कुलपावर टिचकी मारून प्रमाणपत्र कुणी दिलंय ते बघा. तिथे अँटिव्हायरसचंच नाव दिसलं तर त्यातलं वेब तपासणीचं बटण बंद करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असं मध्ये बसत नाही.

वाय-फायवरचं मशीन शक्य तर केबलवर आणा. नाहीच जमलं तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो शेजाऱ्यांनी कमी व्यापला असेल तो.

मोजपट्टी

यूट्यूबचं उत्तर त्या ‘एव्ही०१’मध्येच आहे, म्हणजे एव्ही१ कोडेक. एव्ही१ उलगडण्याची सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आली, व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून. तुमचा आय३ चौथ्या पिढीचा, त्यात एच.२६४ तेवढं ग्राफिक्सच्या चिपवर उलगडतं. बाकी सगळं सीपीयूच्या डोक्यावर.

मीडिया.एव्ही१.एनेबल्ड फॉल्स केलंत तर यूट्यूब व्हीपी९ देईल. जरा बरं, पण अजून सीपीयूवरच. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावतं. मग स्टॅट्समध्ये ‘एव्हीसी१’ दिसेल. तो प्रकार यूट्यूबवर १०८० पर्यंतच मिळतो, तुमच्या पडद्याला तेवढा पुरतो. थोडा डेटा जास्त जाईल. फायबरवर कोण मोजतंय! कीर्तनाला तर ७२० सुद्धा भरपूर.

हे चालायला हार्डवेअर ॲक्सिलरेशन (काम ग्राफिक्सच्या चिपवर सोपवणं) जागं हवं. अबाउट:सपोर्टमध्ये ग्राफिक्सखाली कंपोझिटिंगची ओळ बघा. ‘वेबरेंडर’ असेल तर छान. पुढे ‘सॉफ्टवेअर’ शब्द असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असल्याने फायरफॉक्सने त्याला बाजूला ठेवलेलं असू शकतं. इंटेलच्या एचडी ४४०० चा शेवटचा ड्रायव्हर टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर टाकूनही पडदा लुकलुकला किंवा व्हिडिओ काळा दिसला, तरच सेटिंग्ज, जनरल, परफॉर्मन्समध्ये जाऊन ॲक्सिलरेशन बंद करा. ‘वेग वाढवण्यासाठी हे बंद करा’ असा सल्ला सरसकट देतात, तो उलटा आहे.

सिल्व्हर_मॉल_दुसरा_मजला

सेटिंगवाल्यांनी सेटिंग सांगितली, मी पट्टी सांगतो. ७० सेकंद डिस्क १००, मेमरी ९१. यावर औषध दोनच: आणखी ४ जीबी रॅम आणि एक एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क). जुनं मिळालं तरी चालेल, महाग नाही.

रॅम: एच८१ ला दोन खाचा असतात, एक मोकळी आहे. डेस्कटॉपची २४० पिनांची डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, १.५ व्होल्ट. १.३५ व्होल्टची डीडीआर३एलही चालते. लॅपटॉपची २०४ पिनांची आणू नका, बसणारच नाही. आणि ‘ओन्ली फॉर एएमडी’ लिहिलेली स्वस्त पट्टी चुकूनही घेऊ नका. तिच्यावरच्या चिप वेगळ्या मांडणीच्या असतात, इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. दोन पट्ट्या झाल्या की मेमरी दोन वाहिन्यांतून चालते, त्याचा फायदा अंगभूत ग्राफिक्सलाही होतो.

एसएसडी: २.५ इंची साटा, २४० किंवा २५६ जीबी. एच८१ ला चार साटा पोर्ट, त्यांतले दोनच ६ गिगाबिटचे. बोर्डावर लिहिलेलं असतं, त्यातच लावा. जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड बघा. आयडीई (जुना मोड) असेल तर विंडोज तसंच बसवलेलं आहे. सरळ एएचसीआय (नवा मोड) केलंत तर निळा पडदा येईल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, रीस्टार्टमध्येच बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग सेफ मोड काढा.

मंडळाच्या पैशात एकच बसत असेल तर आधी काय, असं विचाराल. एसएसडी. रॅम अपुरी पडली तरी पेजफाइल एसएसडीवर असल्याने अडकणं बरंच कमी होतं. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा सीपीयू विंडोज ११ च्या यादीत नाही. उद्या लिनक्स मिंट (विंडोजऐवजीची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायची वेळ आली तरी एसएसडी कामाची.

वाचनकट्टा_इंदूर

एक्स्टेन्शन काढले, यूब्लॉक टाकला, वेबआयसोलेटेड १ केलं. मुखपृष्ठाच्या विनंत्या २६० वरून ५८ वर आल्या. एच.२६४ नंतर गळालेल्या फ्रेम शून्य. उघडायला अजून ५५ सेकंद लागतात, ते एसएसडीशिवाय हलणार नाही असं दिसतंय. ती पुढच्या बैठकीत मांडतो.

दोन शंका. ब्राउझर बंद करताना सगळं पुसलं जाईल असं आम्ही ठेवलंय, सभासदांची लॉगिन राहू नयेत म्हणून. त्याने वेग जातो का? आणि दूरस्थ फॉन्ट रोखल्यावर बहुतेक साइट ठीक आहेत, पण एका जुन्या मराठी संग्रहाच्या साइटवर ‘¥ÖÖ’ छापाची अक्षरं दिसू लागली.

लाल_पांडा

पहिलं: जातो. कुकीज पुसायच्या, कॅशे ठेवायचा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, हिस्टरीमध्ये ‘स्वतःची सेटिंग वापरा’ निवडा, ‘बंद करताना इतिहास पुसा’च्या शेजारचं बटण दाबा, आणि तात्पुरत्या साठवलेल्या फाइलींवरची खूण तेवढी काढा. फॉर्म भरणाऱ्यांना प्रायव्हेट खिडकी उघडून द्या, तिचा कॅशे डिस्कवर जातच नाही. कॅशे ‘साफ’ करणारं क्लीनर सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर तेही काढा. रोज सकाळी सगळे लोगो, स्क्रिप्ट, फॉन्ट नव्याने उतरवायला लावायचं आणि त्याला सफाई म्हणायचं!

दुसरं: ती साइट युनिकोडच्या आधीची आहे. मजकूर खरं तर रोमन चिन्हांत साठवलेला, आणि साइटचा स्वतःचा फॉन्ट त्या चिन्हांना देवनागरीचे आकार देतो. फॉन्ट अडवला की मुखवटा गळून पडतो. तिथे निर्मला यूआय काही करू शकत नाही. त्या साइटवर असताना यूब्लॉकच्या पेटीतलं फॉन्टचं चिन्ह दाबून तेवढ्यापुरती बंदी उठवा, मग कुलपाचं चिन्ह दाबा, नाहीतर फायरफॉक्स पुन्हा उघडल्यावर बदल राहणार नाही. शेवटी पान ताजं करा.